मांडणी

सकाळी साडेनऊला मी संगणक सुरू करते, तेव्हा खिडक्या उघडण्याचा क्रम ठरलेला असतो. डावीकडे बंगाली कादंबरी, म्हणजे प्रकाशकाने पाठवलेली तिची पीडीएफ. उजवीकडे माझी मराठी फाइल. दोन्हींची रुंदी सारखी. त्यांच्या मागे शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचे कोश: मोल्सवर्थ, दाते-कर्वे आणि बंगालीसाठी संसद. हरिचरण बंद्योपाध्याय यांच्या ‘बंगीय शब्दकोशा’चे दोन जाडजूड खंड मात्र टेबलावरच असतात. शांतिनिकेतनातल्या या शिक्षकाने आयुष्याची जवळपास चार दशकं ज्या कामाला दिली, ते पडद्याच्या एका कोपऱ्यात मावेल असं मला वाटत नाही. शिवाय शंकांची एक वही-फाइल आणि पात्रांच्या नातेसंबंधांचा तक्ता. कोण कोणाची पिशी, कोण कोणाची बौदी. आणि तीच बंगाली पीडीएफ पुन्हा एकदा, वेगळ्या पानावर उघडलेली.

ही शेवटची खिडकी लोकांना विचित्र वाटते. एकच पुस्तक दोनदा कशाला उघडायचं? कारण बंगाली सर्वनामाला लिंग नाही. ‘शे’ म्हणजे तो किंवा ती. क्रियापदही त्याबाबतीत गप्प राहतं. प्रकरणाच्या सुरुवातीला कोणीतरी अंधारात जिना चढून येतं, दाराशी थांबतं आणि ते कोण हे लेखिका तीन पानांनी सांगते. बंगाली वाचक तीन पानं निवांत थांबू शकतो. मराठीत मात्र पहिल्याच वाक्यात ‘आला’ की ‘आली’ ते ठरवावं लागतं. म्हणून पुढचं पान उघडं ठेवून मागचं लिहायचं. मग वाचकापासून ते लपवायचं कसं, ही पुढची पंचाईत. ‘पावलं दाराशी थांबली’ असं काहीतरी करून मी वेळ मारून नेते, पण तीन पानं नुसती पावलंच चालवता येत नाहीत.

माझी ही मांडणी एका दिवसात ठरलेली नाही. जादवपूरला एम. ए. करत होते तेव्हा विभागाच्या संगणकावर विंडोज 98 होती. खालच्या पट्टीवर माउसची उजवी कळ दाबली की एक यादी उघडायची. तीत दोन पर्याय असायचे: कॅस्केड आणि टाइल. कॅस्केड म्हटलं की सगळ्या खिडक्या पत्त्यांसारख्या एकीवर एक, थोड्या सरकवून मांडल्या जात आणि प्रत्येकीचा फक्त माथा दिसे. टाइल म्हटलं की त्या फरश्यांसारख्या शेजारी-शेजारी बसत. सगळ्या पूर्ण दिसत, पण चिंचोळ्या होत. मी दोन्ही करून पाहायचे आणि मग हातानेच ओढून हव्या तशा लावायचे.

हा पत्ते की फरशी हा वाद माझ्यापेक्षा जुना आहे, हे मला नंतर कळलं. 1973 मध्ये झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात आल्टो नावाचा संगणक तयार झाला. तिथे अ‍ॅलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकमेकींवर चढणाऱ्या खिडक्या बनवल्या. पडदा लहान आहे, पण टेबलावरही कागद एकावर एक पडलेले असतातच की, असा त्यामागचा हिशोब. त्याच कंपनीने 1981 मध्ये स्टार हा संगणक विक्रीला काढला, तेव्हा मात्र त्यात खिडक्या शेजारी-शेजारी बसवल्या. मायक्रोसॉफ्टची पहिली विंडोज नोव्हेंबर 1985 मध्ये आली. तिच्यातही खिडक्या एकमेकींवर चढू शकत नव्हत्या, फरश्यांसारख्याच बसत. 1987 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या चढू लागल्या. पुढे 2009 च्या विंडोज 7 मध्ये खिडकी ओढून पडद्याच्या कडेला टेकवली की ती आपोआप अर्धा पडदा व्यापू लागली. म्हणजे फरशी परत आली. मला वाटतं, या एका सोयीने माझ्यासारख्या अनुवादकांचे जितके तास वाचवले असतील तितके कोणत्याही कोशाने वाचवलेले नाहीत.

शेजारी-शेजारी मांडणं हे आमच्या धंद्याचं मूळच आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने बायबलच्या जुन्या कराराची एक प्रत तयार करवली, तिचं नाव हेक्साप्ला. तिच्यात सहा रकाने होते: हिब्रू मजकूर, तोच ग्रीक लिपीत आणि पुढे चार वेगवेगळे ग्रीक अनुवाद. आज तिचे फक्त तुकडे उरले आहेत. आपल्याकडे एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठ शुद्ध करायचा तर पोथ्या शेजारी-शेजारी ठेवून ओवीला ओवी लावून पाहण्यावाचून गत्यंतर नसतं. आमच्या विषयाचं नावच तौलनिक साहित्य. त्यात तुला आहे, म्हणजे तराजू, म्हणजे दोन पारडी. 1956 मध्ये बुद्धदेव बसूंनी जादवपूरला तो विभाग सुरू केला आणि तिथे दोन वर्षं आम्हाला एकच गोष्ट निरनिराळ्या रीतींनी शिकवली: एकटा मजकूर पाहू नका, दुसरा शेजारी ठेवा.

ते मी इतकं मनावर घेतलं की वीस वर्षं दुसरं काही केलं नाही.

खिडक्या जास्त झाल्या की चुकाही होतात. देवनागरी आणि बंगाली, दोन्हींसाठी मी इन्स्क्रिप्ट कळफलक वापरते. त्याची गंमत अशी की भारतीय लिप्यांमध्ये अक्षरांच्या जागा बहुतांशी त्याच असतात. ज्या कळीवर देवनागरी क, तिच्यावरच बंगाली क. एकदा बंगाली कोशात शब्द शोधून मराठी फाइलीत परतले आणि भाषा बदलायला विसरले. मान खाली घालून परिच्छेदभर टंकलं. वर पाहिलं तर माझं मराठी बंगाली लिपीत उमटलेलं. वाचता येत होतं, नाही असं नाही. फक्त बंगालीत ळ नसल्याने सगळे ळ गळाले होते. ‘आभाळ’, ‘डोळे’, ‘काळोख’, सगळ्यांना मधेच भोक पडलेलं. मी हसले आणि परिच्छेद पुन्हा टंकला. तेव्हा ती फक्त गंमत वाटली होती.

गेल्या वर्षी माझ्या पडद्यावर आणखी एक खिडकी आली.

आई मिरजेत एकटी राहते. वय शहात्तर. गेल्या श्रावणात ती न्हाणीघराच्या उंबऱ्याशी घसरून पडली आणि मनगटाचं हाड मोडलं. शेजारच्या काकूंना हाक ऐकू जायला तासभर लागला. मी कोलकात्यात, म्हणजे जवळपास दोन हजार किलोमीटर लांब. दादा पुण्यात. प्लास्टर निघाल्यावर दादाने बाहेरच्या खोलीत कपाटावर एक छोटा कॅमेरा बसवला. आईला विचारूनच बसवला. ती म्हणाली, “बसवा. फक्त स्वयंपाकघरात नको, आणि झोपायच्या खोलीत नको.” दादाने मला पासवर्ड पाठवला आणि लिहिलं, तू दिवसभर संगणकापुढेच असतेस, तूच लक्ष ठेव.

मी ती खिडकी उजवीकडे खाली लावली, पत्त्याच्या पानाएवढी. मराठी फाइलीच्या शेवटच्या चार ओळी झाकल्या जात, म्हणून फाइल थोडी आखूड केली. आधी बरं वाटलं. अकरा वाजता आई खुर्चीत बसून पेपर वाचताना दिसे. बाराच्या सुमारास मेथी निवडताना दिसे. दोन वाजता दिवाणावर आडवी. मी वाक्य लिहायचे, कोपऱ्यात पाहायचे, पुढचं वाक्य लिहायचे.

पण पडद्यावर जे हलतं तिकडे डोळा जातोच. कादंबरीची दोन पानं स्थिर असतात, कोशही स्थिर. हलणारं असं काही त्या पडद्यावर आधी नव्हतंच. आईने पदर सावरला तरी माझं वाक्य तुटायचं. ती चौकटीबाहेर गेली की तर काही लिहून होत नसे. स्वयंपाकघरात गेली असेल, मग अजून आली कशी नाही? पूर्वी दिवसाला पाच पानं व्हायची, ती दोनवर आली. मी खिडकी लहान केली, डावीकडे नेली, बंगालीच्या मागे लपवली. लपवली तर दर पाच मिनिटांनी ऑल्ट आणि टॅब दाबून वर काढायचे. खाली मिटवून ठेवली तर पट्टीवरच्या तिच्या चिन्हाकडे पाहत बसायचे. एवढ्या वर्षांत खिडक्यांची मांडणी मला जमत नाही असं कधी झालं नव्हतं. या एका खिडकीला मात्र जागाच सापडेना.

आणि मला नको ते कळू लागलं. फोनवर आई म्हणायची, “मी छान आहे, गुडघा अगदी हलका झालाय.” पण मला दिसायचं की उठताना ती टेबलाची कड दोन्ही हातांनी धरते आणि उभी राहिल्यावर थोडा वेळ तशीच थांबते. ती जेवायला ताट घेऊन बसत नाही, वाटीत भात कालवून उभ्यानेच खाते, हेही दिसलं. दुपारी कोणाशी तरी बोलत असते. खोलीत कोणी नसतं. कॅमेऱ्याचा आवाज मी बंद ठेवला होता, त्यामुळे काय बोलते ते कळत नसे. फोनवर यातलं काही विचारता येत नव्हतं. विचारलं असतं तर मी पाहत होते हे कबूल करावं लागलं असतं. तिला ते माहीत होतं, तरीही.

खिडकी या शब्दावर मी त्या दिवसांत बरीच अडकून होते. अनुवादकाला नसती सवय असते, काही सुचेनासं झालं की कोशात शिरायचं. इंग्रजी ‘विंडो’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला, त्याचा अर्थ वाऱ्याचा डोळा. आपल्या संस्कृत ‘गवाक्षा’त गाईबैलाचा डोळा आहे आणि ‘वातायना’त वाऱ्याची वाट. बंगाली ‘जानाला’ मात्र पोर्तुगीजांनी आणलेला, ‘जनेला’वरून. गोव्यात खिडकीला जनेल म्हणतात, तोही तिथूनच. म्हणजे पणजीची खिडकी आणि कोलकात्याची खिडकी सख्ख्या बहिणी, आणि मिरजेची खिडकी त्यांची कोणी नाही. हे सगळं मी शंकांच्या फाइलीत लिहून ठेवलं. वाक्य पुढे सरकलं नाही ते नाहीच.

फेब्रुवारीत एके दिवशी आई साडेदहाला चौकटीबाहेर गेली ती चाळीस मिनिटं आलीच नाही. मी तिचा फोन लावला. तो दिवाणावर वाजताना, म्हणजे उजळताना, मला दिसत होता. मी काकूंना फोन केला, दादाला केला. दादा बैठकीतून बाहेर आला. काकू हातातलं काम टाकून धावत गेल्या. आई गच्चीवर कुरडया घालत होती.

संध्याकाळी ती फोनवर फार बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली तर सगळा पडदा पांढुरका. मला वाटलं, कॅमेरा बिघडला. फोन केला.

“आई, कॅमेऱ्यावर काहीतरी पडलंय का गं?”

“पडलं नाही, मी टाकलंय. बाबांचा पंचा आहे.”

“का?”

“अगं, तुला मी दिसते, मला तू दिसत नाहीस. ही कसली बाई खिडकी? खिडकीतून बघणारा बाहेरच्यालाही दिसतो की. आणि काकूंना काय वाटलं असेल? पोरीनं म्हातारीवर पहारा बसवलाय.”

मी म्हटलं, “पहारा नाही गं, काळजी आहे.”

“काळजी आहे तर फोन कर. मघाशी केलास तसा.”

दादा चिडला. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. उद्या ती पुन्हा पडली तर कोणाला कळणार? मी त्याला म्हटलं, ती पडली ती न्हाणीघराच्या उंबऱ्याशी, तो कॅमेऱ्यात येतच नाही. हे खरं होतं, पण पुरेसं उत्तर नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. शेवटी न्हाणीत आणि उंबऱ्यापाशी भिंतीला धरायच्या दांड्या बसवून घेतल्या, काकूंकडे एक किल्ली ठेवली आणि आईने सकाळी उठल्यावर काकूंच्या भिंतीवर दोनदा ठोकायचं असं ठरलं. पंचा कॅमेऱ्यावर तसाच आहे. धोकाही आहेच.

माझा भाग असा ठरला की रोज पाच वाजता व्हिडिओ कॉल करायचा. आई फोन स्वयंपाकघरातल्या मांडणीला टेकवून ठेवते. तिच्या डोक्यामागे पितळी डबे उतरत्या क्रमाने लावलेले असतात. मांडणी आजीची, लोखंडी आहे. लहानपणी तिच्यावर भांडी लावायचं काम माझ्याकडे असायचं. मोठं मागे, लहान पुढे, रोज लागणारं हाताशी. मी कसंही लावलं तर आई काही न बोलता पुन्हा लावायची.

पहिले दोन-तीन दिवस आम्हाला बोलायला काही सुचलं नाही. फोनवर आम्ही पाच मिनिटांत आटपायचो, इथे एकमेकींकडे पाहत बसायची वेळ आली. मग तीच म्हणाली, “आज काय केलंस ते वाच.” माझे आधीचे अनुवाद तिने छापून आल्यावर वाचलेले होते. कच्चा मजकूर मी कधी कोणाला वाचून दाखवलेला नव्हता. मी त्या दिवशीची दोन पानं वाचायला घेतली. कादंबरीची नायिका संध्याकाळी घरातून निघते, गल्लीच्या तोंडाशी येते.

“‘...तेवढ्यात पाऊस उतरला. ती भिजून चिंब झाली.’”

“थांब थांब,” आई म्हणाली. “पाऊस थांबल्यावर कशी भिजली ती?”

“थांबला नाही, सुरू झाला.”

“तू उतरला म्हणालीस ना? ताप उतरतो, पूर उतरतो. उतरला म्हणजे कमीच झाला की.”

मी पानाकडे पाहिलं. बंगालीत ‘बृष्टि नामलो’. ‘नामा’ म्हणजे उतरणं, खाली येणं. तिथे पाऊस उतरला म्हणजे पडायला लागला. मराठीत नेमकं उलट. दोन दिवसांपूर्वी ते वाक्य लिहिताना मला ते सुंदरसुद्धा वाटलं होतं. डावीकडच्या खिडकीत ‘नामलो’, उजवीकडे ‘उतरला’, एकाच उंचीवर समोरासमोर. एकीकडून दुसरीकडे नजर गेली की दोन्ही जुळत होते. उजवीकडचं वाक्य एकटं वाचायची वेळ माझ्यावर आलीच नव्हती.

“‘पाऊस आला’ म्हण,” आई म्हणाली. “सरळ आहे.”

त्या रात्री मी बंगालीची दोन्ही चित्रं बंद केली आणि मराठी फाइल पूर्ण पडद्यावर पसरली. तोवर एकशेचाळीस पानं झाली होती. पहिल्यापासून वाचायला घेतली. अशा नऊ-दहा जागा सापडल्या. ‘चेष्टा’ म्हणजे बंगालीत प्रयत्न आणि ‘अभिमान’ म्हणजे आपल्या माणसावरचा रुसवा, हे सापळे मला वीस वर्षांपासून ठाऊक आहेत. तिथे मी चुकले नव्हते. चुकले होते ते साध्यासुध्या ठिकाणी. ‘तिचं मन खराब झालं’ असं मी लिहिलं होतं. बंगालीत मन खाराप होणं म्हणजे उदास वाटणं. मराठीत मन खराब म्हटलं की त्या बाईच्या मनात काही काळंबेरं आहे असं वाटतं. शेजारच्या घराच्या मोरीची ओल आपल्या भिंतीत यावी तसं बंगाली माझ्या मराठीत उतरत होतं (इथे मात्र उतरणं चालेल), आणि भिंत मी रोज पाहत असल्याने डाग मला दिसत नव्हता.

मग मी उठून माझे छापलेले दोन अनुवाद काढले. त्यांतही तेच. एका पुस्तकात पान सदतिसावर ‘मन खराब’ छापलेलं आहे आणि आता ते तसंच राहणार. मी दुसऱ्या दिवशी आईला विचारलं, “तू ही पुस्तकं वाचलीस, तेव्हा तुला खटकलं नाही?”

“खटकलं ना.”

“मग बोलली नाहीस ती?”

“मला वाटलं, बंगाल्यांत तसंच म्हणत असतील. आपण कशाला नाक खुपसा?”

हे उत्तर मला बरेच दिवस पुरलं. श्लायरमाखर या जर्मन तत्त्वज्ञाने 1813 च्या एका व्याख्यानात म्हटलेलं आम्ही एम. ए. ला शिकलो होतो: अनुवादकापुढे दोनच मार्ग असतात, वाचकाला लेखकाकडे न्यायचं किंवा लेखकाला वाचकाकडे आणायचं. परीक्षेत मी पहिल्या मार्गाची बाजू घेतली होती आणि अजूनही माझा कल तिकडेच आहे. उलूध्वनी मी उलूध्वनीच ठेवते, पिशीची आत्या करत नाही, ‘ठाकुरपो’ला ‘भावोजी’ करत नाही. वाचकाला थोडं परकं वाटू दे. पण आईसारखा वाचक परकं काही दिसलं की तो त्या लोकांचा रिवाज समजून मान देतो. माझी चूक तो बंगालच्या खात्यावर मांडतो. मिरजेत बसलेल्या बाईला, बंगालात पाऊस कमी झाला की माणसं भिजतात, असं मी सांगत होते आणि ती सौजन्याने ऐकून घेत होती. ठरवून ठेवलेलं परकेपण आणि नकळत आलेली ओल यांत काय फरक, ते वाचकाला कळायला मार्ग नाही. ते मलाच कळायला हवं. आणि दोन खिडक्या शेजारी असताना मला ते कळत नाही.

आता माझी मांडणी बदलली आहे. पहिला खर्डा पूर्वीसारखाच, दोन खिडक्या समोरासमोर, कोश मागे. त्याला पर्याय नाही. शेजारी ठेवल्याशिवाय मजकुराशी इमान राखता येत नाही, ओळ सुटते, एखादं अव्यय गळतं. दुसरा खर्डा बंगाली बंद करून. मूळ वाक्य काय होतं ते आठवेनासं होईल इतके दिवस जाऊ द्यायचे, मग एकटं मराठी वाचायचं. जिथे ठेच लागेल तिथे खूण करायची आणि मगच मूळ उघडायचं. तिसरं वाचन पडद्यावर नाहीच. पानं छापून घेते आणि पाच वाजता वाचते. प्रकाशकाला मी सांगितलं की पुस्तक चार महिने उशिरा येईल. तो नाखूश झाला. कारण म्हणून मी फक्त तब्येत लिहिलं. कोणाची, ते लिहिलं नाही.

उजवीकडच्या कोपऱ्यातली ती जागा आता रिकामी आहे. मराठी फाइल पुन्हा पूर्ण उंचीची केली, तरी त्या कोपऱ्याकडे डोळा अजून जातो. डग्लस एंगेलबार्ट यांनी 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत केलेल्या प्रात्यक्षिकाचं चित्रण मी अलीकडेच पुन्हा पाहिलं. दीड तासाचं आहे. त्यात पहिल्यांदा जाहीरपणे माउस दाखवला गेला आणि पडद्याचे भाग पाडून दाखवले गेले. पडद्याच्या एका कोपऱ्यात तीस मैलांवरच्या मेन्लो पार्कमधून त्यांचा सहकारी दिसतो. पूर्वी मी ते पाहिलं होतं तेव्हा माझं लक्ष यंत्राकडे होतं. या वेळी पाहिलं तर तो कोपऱ्यातला माणूस बोलत होता. एंगेलबार्ट त्याला काही विचारत होते आणि तो उत्तर देत होता.

गेल्या आठवड्यात आईने विचारलं, “तुझ्या टेबलासमोर खिडकी आहे म्हणाली होतीस. मला कधी दिसली नाही.”

ती दिसणार नाही, कारण तिच्यापुढे मॉनिटर आहे. चोवीस इंची घेतला तेव्हा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून मी पडदाही ओढून टाकला होता. मी फोन उचलून पडदा बाजूला केला. समोरच्या घराची गच्ची, वाळत घातलेल्या साड्या, विजेच्या तारा. आभाळ भरून आलं होतं.

“तिकडे येणार वाटतं आज,” आई म्हणाली.

“वाटतंय.”

“साड्या काढायला सांग त्यांना. आणि बस आता. किती पानं झाली?”

“चार.”

“वाच.”